सैनिकाचे दांत आणि त्याच्या मुलाचे दांत

माझ्या वर्गांत एके काळीं एक मुलगी होती. गणितांत हुशार, पाठांतर चोख. पण उभें राहून वाचावयास सांगितलें कीं तिचा डावा हात आपोआप तोंडावर जावयाचा. पुढचे दांत एकमेकांवर चढलेले होते, आणि ते कोणास दिसूं नयेत म्हणून ती अगदीं हळू वाची. मी दरवेळीं म्हणे, “हात खालीं घे.” दांतांना तारा बसविल्यानें हा दोष जातो हें अशा मुलांच्या वडिलांस ठाऊक असतें, अडचण असते ती खर्चाची. हा खर्च कोणीं सोसावा, हाच आजचा विषय आहे. मात्र तो मी अमेरिकेच्या लष्कराच्या इतिहासांतून मांडणार आहें. कारण एका सरकारला या प्रश्नाचें उत्तर देण्यास किती काळ लागला, हें तेथें वर्षवार पाहतां येतें.

प्रारंभीं त्या सरकारला सैनिकाच्या दांतांशीं कर्तव्य होतें तें केवळ लढाईपुरतें. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धांत बंदुकीची दारू व गोळी कागदी पुडींत बांधलेली असे आणि ती पुडी दांतांनीं फाडावी लागे. आपल्याकडील १८५७ च्या काडतुसांची हकीगत ज्यांनीं वाचली आहे, त्यांस हें निराळें सांगावयास नको. ज्याला समोरचे दांत नाहींत तो उमेदवार अर्थातच निरुपयोगी ठरे. पुढें १९०१ सालीं भूदलानें करारावर दंतवैद्य नेमण्यास आरंभ केला. १९११ सालीं भूदलाचें स्वतंत्र दंतवैद्यक पथक उभें राहिलें, आणि पुढच्याच वर्षीं आरमाराचें. १९४० सालीं सक्तीची भरती सुरू झाली तेव्हांची अट मोठी माफक होती: समोरासमोर येणारे चावण्याचे तीन दांत वर व तीन खालीं, आणि पुढचे तीन वर व तीन खालीं, मिळून बारा. एवढ्या अटींतही इतके तरुण नापास झाले कीं १९४२ सालीं ती सैल करावी लागली. राष्ट्राच्या आरोग्याची परीक्षा कधींकधीं अशी अनपेक्षित ठिकाणीं होते!

हें झालें सैनिकाचें. त्याच्या बायकामुलांचें काय? १९५६ सालीं अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या कारकीर्दींत सैनिकांच्या कुटुंबियांस वैद्यकीय मदत देणारा कायदा झाला. परंतु दांतांचे नेहमींचे उपचार त्यांतून बहुतांशीं वगळले होते. परदेशीं किंवा दुर्गम ठाण्यावर राहणाऱ्या कुटुंबांपुरतीच सवलत होती. गंमत अशी, कीं त्याच्या दोनच वर्षें आधीं, १९५४ सालीं, पॅसिफिक किनाऱ्यावरील गोदीकामगारांच्या संघटनेनें आपल्या मुलांच्या दांतांची व्यवस्था व्हावी अशी मागणी केली होती, आणि वॉशिंग्टन, ऑरेगॉन व कॅलिफोर्निया या संस्थानांतील दंतवैद्यांनीं त्यासाठीं सेवामंडळें स्थापिलीं. अमेरिकेंतील दंतविम्याचा उगम या मंडळांत आहे. म्हणजे गोदीवरील हमालाच्या मुलाला जी सोय मिळाली, ती फौजेंतील कॅप्टनच्या मुलाला मिळण्यास आणखी तीस वर्षें जावीं लागलीं.

हा बदल घडला तो केवळ दयेनें नव्हे. १९७३ सालीं सक्तीची भरती बंद झाली. तेव्हांपासून सैनिक स्वखुषीनें येणारा. त्याला बायकामुलें असावयाचीं, आणि घरचीं माणसें नाराज झालीं तर तो नोकरी सोडून जावयाचा. शिकवून तयार केलेला माणूस गमावण्यापेक्षां त्याच्या मुलाची दाढ भरून देणें स्वस्त, हा हिशेब सरकारला उमगला. १९८५ सालीं कायदा झाला व १ ऑगस्ट १९८७ पासून योजना चालू झाली. सैनिकाच्या पगारांतून महिना दहा डॉलरपेक्षां अधिक हप्ता घ्यावयाचा नाहीं, बाकीचा सरकारनें भरावयाचा. तपासणी, सफाई, दाढा भरणें हें त्यांत आलें. तारा मात्र आल्या नाहींत. त्या आल्या १ एप्रिल १९९३ रोजीं.

तारा हा श्रीमंतांचा नखरा होय, असें म्हणणारे तेथेंही होते व येथेंही आहेत. पण एडवर्ड अँगल या अमेरिकन दंतवैद्यानें १८९९ सालीं वेड्यावाकड्या दांतांचे जे वर्ग पाडले, ते वरच्या व खालच्या दाढा परस्परांशीं कशा जुळतात यावरून. चेहऱ्याच्या सौंदर्यावरून नव्हे. ज्याचे दांत नीट मिटत नाहींत, त्याला घांसही नीट चावतां येत नाहीं.

आतां थोडें त्रैराशिक करूं. २०१७ च्या करारांत तारांचा निम्मा खर्च योजनेनें द्यावयाचा होता, परंतु एका मुलामागें सबंध आयुष्यांत १,७५० डॉलरपर्यंतच. समजा, बिल ५,००० डॉलर झालें. निम्मे २,५०० होतात; पण मर्यादा आडवी येते आणि बापाच्या पदरीं ३,२५० डॉलर पडतात. म्हणजे नांव निम्म्याचें, आणि भार शेंकडा पासष्टाचा! त्यांत तारांचा उपचार दोन-दोन वर्षें चालणारा, आणि सैनिकाची बदली कोणाची वाट पाहत नाहीं. नव्या गांवीं नवा दंतवैद्य गांठावा, तर आधीं खर्च झालेली रक्कम त्याच आजन्म मर्यादेंतून वजा झालेली असते. बदलीचा हुकूम सरकारचा, आणि भुर्दंड मुलाचा.

असें असूनही मी या योजनेस कमी लेखीत नाहीं. ज्या सरकारनें एकदां काडतूस फाडण्यापुरते दांत मोजले, तेंच सरकार पुढें सैनिकाच्या मुलीच्या हंसण्याचा अर्धामुर्धा खर्च उचलूं लागलें, ही प्रगति लहान नव्हे. उणीव आहे ती हिशेबांत, आणि हिशेब सुधारतां येतो.

माझ्या त्या विद्यार्थिनीला मीं वर्षभर हात खालीं घ्यावयास सांगितलें. तिचा हात वर कां जातो, हें तिच्या वडिलांस बोलावून मीं एकदांही विचारलें नाहीं. तें विचारणें माझें काम होतें, हें मला फार उशिरां कळलें.