वारं गेलेला हात

गोठ्यामागे अण्णा चोरून तंबाखू मळत होते आणि मी त्यांना पकडलं. ही गोष्ट तिथून सुरू होते.

दोन वर्षांपूर्वीची दिवाळी. मी पुण्याहून गावी आलो होतो. आमचं गाव हिंगोली जिल्ह्यात, वसमत तालुक्यात. घरची शेती हळदीची. त्याच वर्षी मार्चमध्ये, हळद शिजवायचं काम चालू असताना, अण्णांच्या हातातलं घमेलं गळून पडलं आणि तोंड वाकडं झालं. नांदेडला नेलं, जीव वाचला. तीन महिन्यांत काठी घेऊन ते चालायला लागले. उजवा हात मात्र लोंबत राहिला. "हात उचला" म्हटलं की खांदा जरासा हलायचा, बोटं ढिम्म. घास आई भरवायची, सदऱ्याची बटणं बहीण लावायची.

आणि त्या संध्याकाळी त्याच उजव्या तळव्यावर तंबाखू होती. बोटं वाकवून त्यांनी हाताची वाटी केली होती आणि डाव्या अंगठ्याने मळणं चाललं होतं. मला बघून त्यांनी तंबाखू लपवायला मूठ वळली. अर्धीच वळली. पण वळली.

"लई तलफ आली होती रे," एवढंच म्हणाले.

तंबाखू डॉक्टरांनी सक्त बंद केलेली, त्यामुळे घरात भांडण झालंच. मला रात्री झोप लागली नाही ती वेगळ्या कारणाने. जो हात ताटापुढे चालत नाही, तो गोठ्यामागे कसा चालतो?

आमच्याकडे या आजाराला "अंगावरून वारं गेलं" म्हणतात. वारं आलं, गेलं, जाताना अर्धं अंग घेऊन गेलं. आयुर्वेदातला शब्द पक्षाघात. पक्ष म्हणजे शरीराची एक बाजू. मेंदूतली रक्तवाहिनी बंद पडली किंवा फुटली की तिच्या भरवशावर जगणाऱ्या पेशी मिनिटामिनिटाला मरतात, हे आज शाळेतलं पोरही सांगेल. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, हे मात्र आमच्या घरात कुणाला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. सुरुवातीचा वेळ आम्ही तळपाय चोळण्यात घालवला.

मी इंजिनिअर, म्हणून माझी समजूत जरा आधुनिक होती: मेंदूपासून हातापर्यंतची केबल तुटली, विषय संपला. नीट पाहिलं तर माझी केबल आणि आजीचं वारं यांतून एकच सल्ला निघत होता. गेलं ते गेलं. तंबाखूच्या त्या अर्ध्या मुठीने दोघांनाही खोटं पाडलं होतं. पुण्यात परतल्यावर मी रोज रात्री ऑफिसचं काम संपलं की याचा इतिहास शोधायला लागलो.

पहिला धागा १८९५ सालचा निघाला. इंग्लंडमध्ये मॉट आणि शेरिंग्टन या दोघांनी माकडाच्या एका हाताकडून मेंदूकडे संवेदना नेणाऱ्या नसा कापल्या. हालचालीचा हुकूम नेणाऱ्या नसा त्यांनी शाबूत ठेवल्या होत्या. तरीही माकडाने तो हात वापरणं सोडून दिलं. यावरून निष्कर्ष निघाला की संवेदना नसेल तर हेतूपूर्वक हालचाल होऊच शकत नाही. शेरिंग्टन पुढे १९३२ चे नोबेल मानकरी. एवढ्या मोठ्या माणसाचं म्हणणं खोडणार कोण?

खरं तर खोडायला लागेल असा पुरावा त्याआधीच छापून आला होता. १९१७ मध्ये अमेरिकेत ऑग्डेन आणि फ्रान्झ यांनी माकडांच्या मेंदूतला हालचालीचा भाग दुखावून एक बाजू लुळी पाडली. माकडाला तसंच सोडलं तर लुळा हात लुळाच राहायचा. चांगला हात बांधून लुळ्या हाताला काम करायला लावलं, तर तो काही आठवड्यांत चालू लागायचा. म्हणजे माझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर शंभर वर्षांपूर्वीच मिळालं होतं. पण दवाखान्यांपर्यंत ते पोचलं नाही.

ते पुन्हा शोधलं एडवर्ड टाउब या मानसशास्त्रज्ञाने. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून त्याने शेरिंग्टनचा प्रयोग पुन्हा केला, फक्त माकडाचा चांगला हात बांधून ठेवला. संवेदना नसलेल्या हाताने माकड अन्न उचलू लागलं. हात काही दिवस बांधून मग सोडला, तरी ही सवय टिकायची. टाउबने मांडणी केली ती अशी: इजा झाल्यावर सुरुवातीला हात खरोखरच चालत नाही. माकड प्रयत्न करतं, पडतं, घास सांडतो. दुसऱ्या हाताने काम भागतं. काही काळाने इजेचा पहिला धक्का ओसरतो, हात थोडा चालण्याजोगा होतो. पण तोवर माकड शिकलेलं असतं की हा हात वापरायचा नाही. लुळेपणाचा एक भाग इजेचा असतो आणि एक भाग शिकलेला.

हे वाचताना मला माझं रोजचं काम आठवलं. आमच्याकडे सर्किट ब्रेकर नावाची पद्धत असते. समजा पेमेंटचं ॲप बँकेच्या सर्व्हरला विचारतंय आणि तिकडून उत्तर येत नाही. पाच-सहा वेळा फसल्यावर ॲप विचारणं थांबवतं. चांगलं लिहिलेलं ॲप थोड्या वेळाने पुन्हा एकदा विचारून बघतं. वाईट लिहिलेलं बघत नाही. सर्व्हर कधीचाच सुरू झालेला असतो, पण त्याला विचारणारं कुणी नसतं. अण्णांच्या हाताला आठ महिन्यांत कुणी काही विचारलंच नव्हतं. आई घास भरवत होती, बहीण बटणं लावत होती, आणि मी दर महिन्याला पैसे पाठवून समाधानी होतो.

टाउबच्या गोष्टीचा पुढचा भाग सुखाचा नाही. १९८१ मध्ये मेरीलँडमधल्या सिल्व्हर स्प्रिंग इथल्या त्याच्या प्रयोगशाळेत ॲलेक्स पाचेको नावाचा प्राणिहक्क कार्यकर्ता मदतनीस म्हणून शिरला. घाणेरडे पिंजरे, जखमी माकडं यांचे फोटो त्याने काढले. पोलिसांनी धाड टाकून १७ माकडं ताब्यात घेतली. टाउबवर क्रूरतेचा खटला चालला. सुरुवातीला तो दोषी ठरला, पण १९८३ मध्ये वरच्या कोर्टाने शिक्षा रद्द केली, कारण केंद्र सरकारच्या पैशावर चालणाऱ्या संशोधनाला राज्याचा तो कायदा लागू होत नव्हता. या प्रकरणानंतर अमेरिकेत प्रयोगशाळेतल्या प्राण्यांसाठीचे नियम कडक झाले. ते फोटो मी पाहिले आहेत. आज अण्णांना ज्याचा उपयोग होतो ते त्या पिंजऱ्यांतून आलंय, हे मला विसरता येत नाही, आणि विसरू नये असंच वाटतं.

१९९३ मध्ये टाउबने स्ट्रोक होऊन वर्षाहून जास्त काळ लोटलेल्या मोजक्या माणसांवर हीच पद्धत वापरून पाहिली. हात सुधारले. मग मोठी चाचणी झाली, २२२ रुग्णांची. तिचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन आठवडे चांगल्या हातावर जाडसर मोजा, जागेपणीचा ९० टक्के वेळ. दुखऱ्या हाताकडून दिवसाला सहा तासांपर्यंत सराव. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा या लोकांचे हात जास्त सुधारले आणि वर्षभरानंतरही फरक टिकून होता. एक अट मात्र होती: मनगट आणि बोटं थोडी तरी उघडता यायला हवीत. पूर्ण निपचित हातासाठी ही पद्धत नाही.

इथवर मी अमेरिकेतच फिरत होतो. मग कळलं की याची एक शाखा परळला निघते.

१९१७ हेच साल पुन्हा येतं. माकडांचा तो प्रयोग छापला गेला त्याच वर्षी अमेरिकेत काही लोकांनी एकत्र येऊन एका नव्या उपचारपद्धतीची संस्था काढली. मराठीत तिला व्यवसायोपचार म्हणतात, रोजच्या बोलण्यात ऑक्युपेशनल थेरपी. तिचा गाभा साधा आहे: माणसाला नुसता हात वीस वेळा वर करायला लावू नका, त्याला करावंसं वाटेल असं काम द्या. विणकाम, सुतारकाम, स्वयंपाक, काहीही. हात कामाच्या मागे जातो. गोठ्यामागे मी नेमकं हेच पाहिलं होतं. फक्त काम चुकीचं होतं.

न्यू जर्सीतल्या क्वेकर घराण्यात १९०० साली जन्मलेली एलिझाबेथ लंडी विष्णू निंबकरांशी लग्न करून १९३० मध्ये मुंबईत आली आणि कमला निंबकर झाली. चाळीसच्या दशकात त्यांनी अमेरिकेत जाऊन व्यवसायोपचाराचं शिक्षण घेतलं. परत येऊन १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांनी या विषयाची शाळा काढली. आशियातली ती पहिली. १९५२ मध्ये देशातल्या व्यवसायोपचारकांची संघटना उभी राहिली, तिच्या त्या पहिल्या अध्यक्ष. पुढे नागपूरलाही असं शिक्षण सुरू झालं. केईएममध्येच जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने फिजिओथेरपीची शाळा आली, आणि १९५५ मध्ये हाजीअलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था. फलटणला "कमला निंबकर बालभवन" ही शाळा आहे. तिथल्या पोरांना हे नाव पाठ असेल. मला ते अठ्ठाविसाव्या वर्षी कळलं.

१९५० साली आमचा भाग मुंबई राज्यात नव्हताच. दोन वर्षांपूर्वी निजामाच्या हातून सुटून तो हैदराबाद राज्यातल्या परभणी जिल्ह्यात होता. हिंगोली वेगळा जिल्हा झाला १ मे १९९९ ला. परळला जे शिकवलं जात होतं ते आमच्या गोठ्यापर्यंत यायला सत्तर वर्षांहून जास्त काळ लागला, आणि तेही माझ्या मोबाइलवर. मधल्या काळात आमच्या गावात किती जणांवरून वारं गेलं असेल, आणि त्यातले किती हात चालू शकले असते, हा हिशोब कुणीच ठेवलेला नाही.

एवढं वाचल्यावर मला वाटलं, सोपं आहे. मी आईला फोनवर शिकवतो, ती अण्णांकडून करून घेईल. सुदैवाने त्याच आठवड्यात मला आपल्याच देशातली एक चाचणी सापडली. भारतातली १४ रुग्णालयं, १२५० रुग्ण. घरच्या माणसाला दवाखान्यातच सराव शिकवायचा आणि घरी त्याने तो करून घ्यायचा. थेरपिस्ट कमी आणि कुटुंबं मोठी असलेल्या देशात याहून शहाणी कल्पना कोणती? २०१७ मध्ये निकाल आला: सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन यांचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच, ४७ टक्के. घरच्यांना शिकवून फरक पडला नव्हता.

ती चाचणी फक्त हाताची नव्हती, सगळ्या परावलंबनाची होती. तरी माझा फोनचा बेत तिथेच बारगळला. सहा तासांचा सराव आणि समोर जाणकार माणूस, ही एक गोष्ट. कामाच्या रगाड्यातून आईने काढलेला अर्धा तास, ही दुसरी. २०२१ मध्ये अमेरिकेत मानेतल्या नसेला विजेचे हलके झटके देणाऱ्या यंत्राला हाताच्या उपचारासाठी मान्यता मिळाली. त्या यंत्रालाही सोबत शेकडो वेळा केलेला सराव लागतोच.

म्हणून आम्ही आधी नांदेडला एका थेरपिस्ट बाईंकडे गेलो. त्यांनी मनगट तपासलं, बोटं तपासली. "थोडं आहे. थोड्यावर काम करू," म्हणाल्या. दोन गोष्टी त्यांनी बजावल्या, त्या तुमच्याही घरी कुणी असेल तर लक्षात ठेवा. एक, हे विचारल्याशिवाय घरी सुरू करायचं नाही. दोन, मोजा फक्त बसलेला असताना. अण्णांची काठी डाव्या हातात असते. तोच हात अडकवून चालायला लावलं तर ते पडतील. मग त्यांनी विचारलं, "यांना कुठलं काम आवडतं?" आम्ही तिघंही गप्प. आठ महिन्यांत हाही प्रश्न कुणी विचारला नव्हता.

"हळद," अण्णा म्हणाले.

तेव्हापासून ओसरीवर पोतं पसरलेलं असतं. डाव्या हातावर मोजा, उजव्याने गड्डे एकीकडे आणि हळकुंडं दुसरीकडे. पहिल्या दिवशी पंधरा मिनिटांत चार गड्डे झाले आणि अण्णांनी पोत्याला शिव्या घातल्या. महिन्याभराने टोपलं भरू लागलं. मधे आम्ही नांदेडच्या खेपा केल्या, कंटाळा केला, दोन महिने बंदही पाडलं. आज उजव्या हाताने ते पेला धरतात, मोबाइल कानाला लावतात. सदऱ्याची बटणं अजून जमत नाहीत. कदाचित जमणारही नाहीत.

सगळ्यांत अवघड गेलं ते आईला. जाड दांड्याचा चमचा उजव्या हातात घेऊन अण्णा वरणभात खातात तेव्हा तोंडापर्यंत अर्धा घास पोचतो, अर्धा धोतरावर. आईचा हात आपोआप पुढे येतो. पहिले काही दिवस ती म्हणायची, "राहू द्या, मी भरिवते." मग तिने स्वतःच एक तोड काढली. त्यांचं ताट वाढलं की ती आत जाते आणि चुलीपुढे बसते.

"मला नाही पाहवत," ती म्हणते. बाहेर चमचा ताटावर आपटल्याचा आवाज येत राहतो. तो थांबला की ती पुन्हा वाढायला येते.