भूजलातील आर्सेनिक : तपासणी आणि शुद्धीकरण

सोमल हे आपल्याकडे पूर्वापार ठाऊक असलेले विष आर्सेनिकचेच संयुग होय. पाण्यात विरघळलेल्या आर्सेनिकला मात्र रंग, वास वा चव नसते. त्यामुळे पाणी सुरक्षित आहे की नाही, हे तपासणीखेरीज कळत नाही. गंगेच्या त्रिभुज प्रदेशाला हा धडा फार महागात पडला.

उगम

तळ्यांच्या दूषित पाण्यातून होणारे अतिसारासारखे रोग टाळण्यासाठी बंगालमध्ये लक्षावधी कूपनलिका खोदल्या गेल्या. तेथील गाळात आर्सेनिक लोहाच्या ऑक्साइडांना चिकटलेले असते. प्राणवायूविरहित थरांत जिवाणूंच्या क्रियेने ही ऑक्साइडे विरघळतात आणि आर्सेनिक पाण्यात उतरते. १९८३ मध्ये कोलकात्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी पश्चिम बंगालमधील असे रुग्ण प्रथम ओळखले. त्वचेवरील ठिपके आणि तळहात-तळपायांचे जाड होणे ही लक्षणे वर्षानुवर्षांच्या सेवनानंतर दिसतात. पुढे त्वचा, फुफ्फुस वा मूत्राशयाचा कर्करोग संभवतो.

तपासणी

जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम, म्हणजे हजार लिटर पाण्यात अवघे १० मिलिग्रॅम. बांगलादेशात ती ५० मायक्रोग्रॅम आहे. क्षेत्रीय संचात जस्त व आम्लाच्या साह्याने आर्सेनिकचे आर्सिन वायूत रूपांतर होते आणि मर्क्युरिक ब्रोमाइडचा कागद पिवळा ते तपकिरी होतो. हा वायू विषारी असल्याने चाचणी मोकळ्या हवेत करावी. कागदाच्या रंगावरून केवळ अंदाज येतो. निष्कर्ष मर्यादेच्या आसपास असल्यास प्रयोगशाळेतील मापन आवश्यक. शेजारच्या दोन कूपनलिकांतही मोठा फरक आढळतो. म्हणून प्रत्येकीची स्वतंत्र चाचणी करावी लागते. बांगलादेशात असुरक्षित नळ्यांना लाल, तर सुरक्षित नळ्यांना हिरवा रंग देण्यात आला.

शुद्धीकरण

पाणी उकळल्याने आर्सेनिक जात नाही. उलट वाफेमुळे त्याचे प्रमाण किंचित वाढते. भूजलात ते बहुधा आर्सेनाइट या रूपात असते आणि ते सहज गाळले जात नाही. क्लोरीन वा पोटॅशियम परमँगनेटने त्याचे आर्सेनेट केल्यावर लोहाचे हायड्रॉक्साइड किंवा सक्रिय अॅल्युमिना ते शोषून घेते. बांगलादेशी वंशाचे रसायनशास्त्रज्ञ अबुल हुसाम यांच्या लोह, वाळू, कोळसा व विटांचे तुकडे वापरणाऱ्या ‘सोनो’ गाळणीला २००७ मध्ये १० लाख डॉलरचा ग्रेंजर पुरस्कार मिळाला.

प्रत्येक शोषक द्रव्याची क्षमता कधीतरी संपते. त्यानंतर गाळणीतून पाणी पूर्वीसारखेच नितळ येत राहते, पण त्यातील विष अडत नाही. यासाठी गाळलेल्या पाण्याची ठरावीक काळाने पुन्हा तपासणी करणे, द्रव्य वेळेवर बदलणे आणि वापरलेले द्रव्य विहीर वा शेताजवळ न टाकणे ही पथ्ये अनिवार्य ठरतात. पावसाचे साठवलेले पाणी किंवा तपासलेली खोल कूपनलिका उपलब्ध असेल, तर पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी तोच पर्याय अधिक श्रेयस्कर.