काचेचं हँडल आणि दारातली मोटर

प्रीमिअर पद्मिनीच्या टॅक्सीत बसलेल्यांना काचेचं हँडल नक्की आठवत असेल. म्हणजे असलं तर! बऱ्याचदा ते ड्रायव्हरकडेच असायचं आणि मागितलं की मागे मिळायचं :) कुर्ल्यात बनलेली ही गाडी. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांच्या नियमाने २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली.

ते हँडल दिसतं तितकं साधं नाही बरं का. काच वर चढवणं सोपं, खड्ड्यांत ती वरच राहणं अवघड. जर्मनीतल्या मॅक्स ब्रोजेने १९२६ मध्ये ज्या हँडलचं पेटंट घेतलं, त्यातली खरी करामत म्हणजे स्प्रिंगचा ब्रेक. हाताने फिरवा, फिरेल. काचेच्या वजनाने मात्र फिरणार नाही.

मोटर नंतर आली. १९४० च्या सुमारास अमेरिकेत पॅकार्डने काच उचलायला चक्क हायड्रॉलिक तेल वापरलं. पुढे तेल गेलं आणि दारातच छोटी डीसी मोटर बसली. आपल्याकडे पुण्यात बनलेल्या १९९१ च्या टाटा सिएरात पॉवर विंडो होत्या. तेव्हा ती चैन होती.

आता मुद्द्याचं. मागच्या महिन्यात आमच्या मोरिवलीत, बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये, मी गाडीचं दार उघडून बसलो होतो. बटण दाबलं की मोटर घुर्रर्र करायची, काच ढिम्म. आवाज येतोय म्हणजे फ्यूज आणि स्विच ठीक. दोष पुढे, केबलमध्ये. काच वर ओढून चिकटपट्टीने फ्रेमला बांधली, बॅटरीची वायर काढली, हँडलमागचे स्क्रू आणि क्लिपा सोडवल्या. पॅनेलमागचा प्लास्टिकचा कागद मात्र जपून काढा. पावसात दाराच्या पोटात पाणी जातंच, ते खालच्या भोकांतून बाहेर पडतं. आत सीटकडे येऊ देत नाही तो हा कागद.

आत काच धरणारा प्लास्टिकचा तुकडा तुटलेला आणि केबलचा पीळ सुटलेला. अख्खी यंत्रणा नवी आणली, मोटर तीन स्क्रूंवरची, ती जुनीच बसवली.

मोटर काढल्यावर केबलचं चाक बोटाने फिरतं, बसवल्यावर हलतसुद्धा नाही! कारण वर्म गिअर. वर्म चाकाला फिरवतो, चाक वर्मला फिरवू शकत नाही. ब्रोजेच्या ब्रेकचं काम इथे गिअरच करतो, त्यामुळे चोराला काच खाली ढकलता येत नाही.

पण आतल्या माणसालाही येत नाही. २६ जुलै २००५. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस, इकडे उल्हास आणि वालधुनी पात्र सोडून वाहत होत्या. मुंबईत पाण्यात अडकलेल्या गाड्यांची दारं दाबामुळे उघडेनात, वीज गेल्यावर काचा उतरेनात, आणि काही माणसं गाडीतच गेली. पद्मिनीचं हँडल निदान हाताने फिरलं असतं. हँडल गेलं ते सोयीसाठी, पण त्याच्यासोबत हा हाताचा मार्गही गेला, याचा विचार तोवर फारसा कुणी केला नव्हता.

त्यानंतर अनेकांनी गाडीत हातोडी ठेवायला सुरुवात केली. ती टोकदार हवी आणि बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर मारायची. पुढची काच थरांची असते, ती तडकते पण सुटत नाही. माझी हातोडी दाराच्या खणात असते. गढूळ पाण्यात सीटखाली हात घालून शोधत कोण बसणार?