ओझे आणि वाट

कॅलिफोर्नियाच्या पूर्वभागी दक्षिणोत्तर पसरलेल्या सिएरा नेवाडा पर्वताच्या माथ्याला बिलगून जाणारी, योसेमिटीच्या दरीत आरंभ पावणारी आणि माउंट व्हिटनीच्या ४४२१ मीटर उंच शिखरावर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या अडीचपटीहून अधिक उंचीवर, समाप्त होणारी सुमारे ३४० किलोमीटरांची जी पायवाट ‘जॉन म्यूर ट्रेल’ या नावाने विख्यात आहे, ती आज दोन-चार मित्रांनी पाठीवर तंबू, शिधा आणि अंथरूण-पांघरूण घेऊन दोन-तीन आठवड्यांत चालून जाण्याची वाट म्हणून ओळखली जाते. हा प्रघात आता इतका रूढ झाला आहे की तो पर्वताइतकाच जुना असावा, असा समज सहज होतो. वस्तुतः त्याचे आजचे रूप अगदी अलीकडचे आहे; आणि तो कसा घडला हे पाहू जाता, पर्वतावर ओझे कोणी वाहायचे या एका प्रश्नाभोवतीच ही सारी कथा फिरते, असे माझे मत झाले आहे.

या पर्वताच्या खिंडींतून पहिले ओझे गेले ते माणसाच्या पाठीवरूनच. पश्चिम उतारावरील मीवॉक व मोनो आणि पूर्वेच्या कोरड्या खोऱ्यांतील पायूट या जमातींमध्ये पिढ्यान्‌पिढ्या देवघेव चालत असे. पूर्वेकडून मीठ, पिन्यन पाइनच्या बिया आणि बाणांची टोके घडविण्याजोगी काळी ज्वालामुखी काच येई. पश्चिमेकडून ओकची फळे आणि शिंपल्यांचे मणी जात. निमुळत्या बुडाची विणलेली करंडी पाठीवर घ्यायची आणि तिचा पट्टा कपाळावर ताणून धरायचा, अशी ओझे वाहण्याची रीत होती. आणि हे भार बहुधा स्त्रियाच वाहत. १८५१ मध्ये मॅरिपोसा बटालियन नावाचे शस्त्रधारी पथक योसेमिटीच्या दरीत शिरले, तेथील वस्त्या त्याने जाळल्या आणि रहिवाशांना हुसकावून लावले. पुढे ज्यांना शोधक ही पदवी बहाल झाली, त्यांच्या पायांखाली कित्येक ठिकाणी या हुसकावलेल्या लोकांचीच मळलेली वाट होती, हे वृत्त लिहिताना विसरता येत नाही.

त्यानंतर उंचावरील कुरणांत मेंढपाळ आले. १८६९ च्या उन्हाळ्यात अशाच एका कळपासोबत जॉन म्यूर हा स्कॉटलंडात जन्मलेला तरुण ट्युओलमीच्या कुरणांपर्यंत चढला, आणि पुढील काही वर्षे केवळ पाव आणि चहा एवढ्या शिदोरीवर तो बहुधा एकटाच शिखरोशिखरी हिंडत राहिला. त्याने ओझ्याचा प्रश्न त्यागाने सोडविला. परंतु असा त्याग सामान्य माणसाला साधत नाही. मित्रमंडळीने मिळून करावयाच्या प्रवासाची परंपरा पाहावयाची तर १८७० कडे वळावे लागते. त्या वर्षी नव्यानेच स्थापन झालेल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील भूशास्त्राचे प्राध्यापक जोसेफ लेकाँट आपल्या विद्यार्थ्यांसह घोड्यांवरून या पर्वतात आले, आणि योसेमिटीत त्यांची म्यूरशी गाठ पडली.

पर्वताच्या माथ्यालगत सलग एक वाट असावी, ही कल्पना मात्र थिओडोर सॉलोमन्सची. १८८४ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, फ्रेस्नोजवळ मामांच्या मळ्यावर गुरे राखीत असताना क्षितिजावरील हिमशुभ्र रांगेकडे पाहून ती आपल्या मनात उद्भवली, असे तो पुढे सांगत असे. १८९२ पासून उन्हाळ्यामागून उन्हाळा खर्ची घालून त्याने ती पडताळून पाहिली, आणि बहुतेक वेळी त्याच्यासोबत एखादा मित्र आणि सामान वाहणारी जनावरे असत. १८९४ मध्ये तो ली बिअर्ससह फिरत असता अकाली हिमपाताने त्यांना गाठले. अखेर सोबतचे खेचर गोळी घालून मारून आणि जड सामान मागे टाकून त्यांना जीव वाचवावा लागला. दुसऱ्याच वर्षी अर्नेस्ट बॉनरला घेऊन तो पुन्हा निघाला आणि एका अनामिक शिखरसमूहाला त्याने डार्विन, हक्सले, वॉलेस, हेकेल, स्पेन्सर व फिस्क या उत्क्रांतिवाद्यांची नावे दिली. ज्या काळी डार्विनच्या नावाने धर्मपीठांवरून वाद घातले जात होते, त्या काळी पंचविशीतल्या एका तरुणाने ते नाव एका महान शिखरावर कोरावे, यातले धैर्य मला गिर्यारोहणाच्या धैर्याहून उणे वाटत नाही.

म्यूरच्या अध्यक्षतेखाली १८९२ मध्ये स्थापन झालेल्या सिएरा क्लबने १९०१ मध्ये पहिली सामुदायिक उन्हाळी सहल काढली. तिचा सारा बंदोबस्त विल्यम कोल्बी या तरुण वकिलाने पाहिला आणि शंभराच्या घरात माणसे ट्युओलमीच्या कुरणावर उतरली. या सहलीसाठी आलेले वृद्ध प्राध्यापक लेकाँट तिच्या आरंभापूर्वीच योसेमिटीच्या दरीत निवर्तले. पुढे ‘हाय ट्रिप’ या नावाने प्रतिवर्षी निघणाऱ्या या सहली म्हणजे एक फिरते गावच असे: माणसे पायी चालत, आणि तंबू, भांडी, पिठाची पोती व प्रत्येकाची वजन ठरवून दिलेली बिछान्याची वळकटी खेचरांच्या तांड्यावर लादली जाई. स्त्रियाही मोठ्या संख्येने चालत, शिखरे चढत, आणि त्यासाठी लांब घागरे आखूड करीत. आरंभीच्या वर्षांत मुदपाकखान्याचा भार चार्ली टक या चिनी आचाऱ्यावर होता. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेचे दरवाजे बंद झाले होते, त्याच काळात पर्वतावरच्या या प्रतिष्ठित मेळ्याची पंगत एका चिनी माणसाच्या हाताने उठत होती.

प्राध्यापकांचे चिरंजीव जोसेफ एन. लेकाँट यांनी जेम्स हचिन्सन आणि डंकन मॅकडफी या मित्रांसह १९०८ मध्ये योसेमिटीपासून किंग्ज कॅन्यनपर्यंत २८ दिवसांत खेचरांसह मजल मारली, आणि वाटेत माउंट ॲबटचे शिखरही सर केले. जनावरे जाऊ शकतात असा माथ्यालगतचा मार्ग आहे, हे या प्रवासाने सिद्ध झाले. १९१४ च्या सहलीत, अशा वाटेसाठी राज्याच्या तिजोरीतून रक्कम मागावी अशी सूचना पुढे आली. त्या वर्षीच्या २४ डिसेंबरला म्यूरचे निधन झाल्यावर वाटेला त्याचेच नाव द्यावयाचे ठरले. आणि १९१५ मध्ये गव्हर्नर हायरम जॉन्सन यांनी दहा हजार डॉलरांच्या तरतुदीवर सही केली. काम वनखात्याकडे सोपविले गेले आणि ते बरेच रेंगाळले. सुमारे ४००० मीटर उंचीवरील फॉरेस्टर पासची वाट १९३२ मध्ये खुली झाली. तिच्या सुरुंगकामात एका तरुण मजुराचा बळी गेला. पॅलिसेड्सच्या कड्यातून नागमोडी पायऱ्यांनी चढणारा अखेरचा दुवा १९३८ मध्ये, म्यूरच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, पूर्ण झाला.

तोवर ही वाट खेचरांच्याच मापाने आखलेली होती: तिचा चढ, तिची रुंदी, तिची वळणे लादलेल्या जनावराला झेपतील अशी. ओझे पुन्हा माणसाच्या पाठीवर येण्याला दुसरे महायुद्ध कारण झाले. नायलॉन व ॲल्युमिनियम स्वस्त आणि मुबलक झाले, आणि १९५२ पासून ग्लेनडेल येथे डिक केल्टी आपल्या गॅरेजमध्ये ॲल्युमिनियमच्या चौकटीच्या पाठपिशव्या शिवून विकू लागला. पुढे कमरपट्ट्याची जोड मिळून भार खांद्यांवरून कमरेवर उतरला. हा बदल दिसायला किरकोळ, पण त्यामुळे खेचर, खेचरवाला आणि आचारी यांचा खर्च ज्यांना परवडत नव्हता अशा विद्यार्थ्यांना व कामगारांना पर्वत मोकळा झाला. दुसरीकडे, दोनदोनशे माणसे आणि त्यांची जनावरे यांच्या मुक्कामांनी कुरणे तुडवली जातात, हे सिएरा क्लबलाच दिसू लागले आणि त्या मोठ्या सहली मागे पडत गेल्या.

पाठपिशवीने पर्वत सर्वांना खुला केला, आणि त्यातूनच गर्दीचा प्रश्न उभा राहिला. आज या वाटेवर परवान्याशिवाय मुक्काम करता येत नाही. परवान्यांची संख्या ठरलेली असते, आणि अस्वलाला उघडता येणार नाही अशा डब्यात शिधा ठेवणे वाटेच्या बहुतेक भागात सक्तीचे आहे. ज्यांच्या पूर्वजांना कोणाच्या परवान्याची गरज नव्हती, त्या पायूट व मोनो लोकांची नावे या वाटेच्या पाट्यांवर अजूनही फारशी आढळत नाहीत, याची खंत मला वाटते. १९६४ च्या वन्यप्रदेश कायद्याने संरक्षित अरण्यभागात यंत्रांना आणि वाहनांना मनाई केली. त्यामुळे हिमप्रपाताने वाहून गेलेल्या कठड्यांची व पायऱ्यांची डागडुजी करणाऱ्या टोळ्या आजही हातकरवतीने ओंडके कापतात, पहारीने दगड बसवतात, आणि त्यांच्या हत्यारांचा व शिध्याचा भार खेचरांच्याच पाठीवरून वर चढतो.