कर्नलने कोणत्या घड्याळावर भरवसा ठेवावा?

२००७ साली मी पुण्यात एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला होतो. एका पतसंस्थेचा सर्व्हर आमच्याकडे देखभालीला होता. एके दिवशी तिथल्या व्यवस्थापकांचा फोन आला. पावती क्रमांक ४१२ ची वेळ ४११ च्या दोन सेकंद आधीची दिसत होती. अशा आणखीही पावत्या सापडल्या होत्या आणि संशय काउंटरवरच्या मुलावर होता. "हा वेळ मागे घेऊन नोंदी फिरवतो," असे त्याच्या तोंडावर म्हटले गेले. मुलगा एकच सांगत होता, "सर, मी घड्याळाला हात लावलेला नाही."

तो खरे बोलत होता. हे कसे, ते समजायला थोडा इतिहास पाहावा लागेल.

१९८१ च्या आयबीएम पीसीत वेळ मोजायला इंटेलची ८२५३ ही टायमर चिप होती. मशीनमधला क्रिस्टल १४.३१८१८ मेगाहर्ट्झचा, म्हणजे अमेरिकन रंगीत टीव्हीच्या वारंवारितेच्या बरोबर चौपट. त्याला बाराने भागून टायमर चाले आणि सेकंदाला सुमारे १८.२ ठोके देई. १९८४ च्या पीसी-एटीत बॅटरीवर चालणारे घड्याळ आले. मशीन बंद असतानाही ते तारीख सांभाळी, पण सेकंदाच्या आतले काही सांगत नसे. म्हणून सुरू होताना कर्नल त्याला एकदा वेळ विचारी आणि पुढे स्वतः ठोके मोजत बसे. निवडीचा प्रश्नच नव्हता.

१९९३ साली पेंटियमबरोबर टीएससी हा मोजक आला. प्रोसेसरचे प्रत्येक चक्र तो तेव्हा मोजे आणि प्रोसेसरच्या आतच असल्यामुळे झटकन वाचता येतो. पुढे वीजव्यवस्थापनासाठी एसीपीआयचा पीएम टायमर आला. तो ३.५७९५४५ मेगाहर्ट्झचा, बहुधा २४ बिटांचा, त्यामुळे पाच सेकंदांच्या आतच भरून पुन्हा शून्यावर येणारा. त्यानंतर किमान १० मेगाहर्ट्झचा एचपीईटी आला. या दोघांना विचारायचे तर प्रोसेसरला चिपसेटपर्यंत जावे लागते आणि त्यात टीएससीच्या कितीतरी पट वेळ जातो.

आता घड्याळे चार झाली आणि भांडण सुरू झाले. टीएससी सर्वांत वेगवान, पण त्याचा भरवसा नाही. वीज वाचवायला प्रोसेसरने वेग कमी केला की त्याचीही चाल मंदावे. २००५ पासून दोन कोअरचे प्रोसेसर घरोघरी पोचले, तेव्हा दुसरा दोष उघडा पडला. प्रत्येक कोअरचा मोजक वेगळा. काही मशीनमध्ये त्यांचा मेळ राहत नसे. प्रोग्राम एका कोअरवरून दुसऱ्यावर गेला की वेळ मागे जाई.

लिनक्समध्ये जॉन स्टल्ट्झ यांनी यासाठी एक चौकट उभी केली. ती २००६ साली २.६.१८ या आवृत्तीत आली. प्रत्येक घड्याळाने आपले नाव आणि गुण नोंदवायचे, आणि कर्नलने सर्वाधिक गुणांचे घड्याळ निवडायचे. शंभराच्या खालचे खऱ्या कामाला नालायक, चारशेच्या वरचे आदर्श. टीएससीला ३००, एचपीईटीला २५०, पीएम टायमरला २००, जुन्या टायमरला ११० आणि ठोके मोजणाऱ्या जिफीजला फक्त १.

पण गुण मिळाले म्हणून इमान सिद्ध होत नाही. म्हणून २००७ साली थॉमस ग्लाइक्सनर यांनी राखणदार बसवला. दर अर्ध्या सेकंदाला टीएससीची दुसऱ्या घड्याळाशी पडताळणी व्हायची. फरक ६२.५ मिलिसेकंदांच्या पुढे गेला की टीएससी अस्थिर ठरे आणि त्याचे गुण शून्य होत. फ्रीबीएसडीत पॉल-हेनिंग काम्प यांच्या टाइमकाउंटर रचनेतही अशीच गुणवत्ता लिहिलेली असते. तिथे गुण उणे असतील तर ते घड्याळ आपोआप कधीच निवडले जात नाही. माणसाने मुद्दाम निवडले तरच लागते.

आमच्या सर्व्हरवर नेमके हेच झाले होते. वेग वाढावा म्हणून आमच्यापैकीच कुणीतरी बूटच्या ओळीत टीएससी सक्तीने लावला होता. मशीन दोन कोअरचे होते. मी ती ओळ काढून पीएम टायमर लावला. वेळ मागे जाणे थांबले. दोन पानांचा अहवाल लिहून दिला आणि त्या मुलाची नोकरी वाचली. आरोप करणाऱ्यांनी त्याची माफी मागितल्याचे मात्र मी ऐकले नाही.

पुढे प्रोसेसर सुधारले. २००८ च्या आसपासपासून टीएससी ठरावीक चालीने चालू लागला. मग उलटा प्रकार घडला. इंटेलच्या कॉफी लेक मशीनवर गाढ झोपेत एचपीईटीच बिघडे आणि राखणदार निर्दोष टीएससीला दोषी ठरवी. २०१९ साली लिनक्सने त्या मशीनवर एचपीईटीच बंद केला. साक्षीदारच चुकीचा निघाला होता.

डिफॉल्ट ठरवणे हे किरकोळ तांत्रिक काम वाटते. पण बहुतेक लोक डिफॉल्ट कधीच बदलत नाहीत, आणि तो आहे हेही त्यांना ठाऊक नसते. वेगवान घड्याळ निवडले तर सर्व्हर पळतो, फायदा सगळ्यांना दिसतो. ते चुकले, तर किंमत काउंटरवर बसलेला कुणीतरी मोजतो. लिनक्सवाल्यांनी वेगाला पहिला मान दिला, पण त्याच्यावर पहाराही ठेवला आणि पहारेकरी चुकला तेव्हा त्यालाही दूर केले. मला हा मार्ग पटतो. आमच्या कार्यालयात त्या दिवशी कुणी यंत्राची उलटतपासणी केली नव्हती. केली होती ती फक्त त्या मुलाची.