सुपारीला सात वर्षं, साहेबांना तीन

३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड या पट्ट्यातल्या वाड्यांमध्ये सुपारीची झाडं मधोमध मोडली, नारळ मुळासकट आडवे झाले. मग पंचनामे सुरू झाले आणि एक जुनी अडचण उघडी पडली. सरकारची मदत हेक्टरात मोजली जात होती आणि इथल्या वाड्या गुंठ्यांत आहेत. शिवाय एकेका सातबाऱ्यावर भावाबहिणींची, चुलत्यांची, मुंबईत राहणाऱ्या पुतण्यांची लांबलचक यादी. फळबागेला हेक्टरी ५० हजार रुपये जाहीर झाले. ऐकायला बरे वाटणारे हे पैसे गुंठ्याला जेमतेम ५०० रुपये होतात. बरीच ओरड झाल्यावर झाडामागे मदत ठरली: सुपारीला ५० रुपये, नारळाला २५०.

पैशांचा प्रश्न असा अर्धामुर्धा सुटला. त्याच्या मागे दुसरा, जास्त अवघड प्रश्न होता. आता लावायचं काय? परत सुपारीच लावायची, तर रोपं कुठली, किती अंतरावर? ती धरेपर्यंतची पाच-सात वर्षं खायचं काय? मधल्या काळात केळी घ्यायची की अननस? उरलेल्या नारळांवर मिरी चढवायची का? हे विचारायचं कुणाला?

हे सांगणाऱ्या माणसाच्या पदाला सरकारी भाषेत ‘कृषी विस्तार’ म्हणतात. प्रयोगशाळेतलं ज्ञान बांधावर न्यायचं आणि बांधावरची अडचण प्रयोगशाळेत आणायची, हे त्याचं काम. अशी पदं किती असावीत आणि आधी कुठे असावीत, हे आपल्याकडे कसं ठरत आलं? हा इतिहास वरवर कंटाळवाणा आहे. पण किनाऱ्यावरच्या कितीतरी वाड्यांचं आणि खाचरांचं काय झालं, त्याचं उत्तर या हिशेबात सापडतं.

पाच गावांमागे एक

स्वातंत्र्यानंतरचा पहिला मोठा हिशेब २ ऑक्टोबर १९५२ चा. त्या दिवशी देशभर सामूहिक विकास योजना सुरू झाली. तिची आखणी अगदी चौकोनी होती. एका प्रकल्पात सुमारे ३०० गावं, त्याचे शंभर-शंभर गावांचे तीन गट, आणि दर पाच गावांमागे एक ग्रामसेवक. या ग्रामसेवकाने बियाणं सांगायचं, खड्डे खणून घ्यायचे, शौचालयाचं महत्त्व पटवायचं, साक्षरतेचे वर्ग भरवायचे. सगळ्या खात्यांचा गावातला हात तोच.

एकक होतं गाव. पण गाव म्हणजे काय, हे देशावर आणि किनाऱ्यावर सारखं नसतं. घाटावर गावठाण एका जागी आणि शिवार भोवताली. कोकणात एकाच महसुली गावात डोंगराकडेची वाडी, खाडीकाठची खाचरं आणि समुद्राकडची बागायत, म्हणजे तीन वेगळ्या शेती. पाच गावं धरली की पंधरा तऱ्हेचे प्रश्न झाले. कागदावर मात्र माणूस एकच.

पंधरवड्याची घडी

दुसरा हिशेब सत्तरच्या दशकात आला, जागतिक बँकेच्या पाठबळावर. डॅनियल बेनॉर या इस्रायली तज्ज्ञाने मांडलेली ही ‘प्रशिक्षण व भेट’ पद्धत. ग्रामसेवक सगळ्याच कामांना जुंपला गेल्यामुळे शेतीकडे बघायला त्याला वेळ नाही, हे बेनॉरचं निदान बरोबर होतं. म्हणून त्याने कार्यकर्त्याला फक्त शेतीचं काम दिलं. त्याच्या वाट्याची कुटुंबं आठ गटांत वाटली आणि प्रत्येक गटाला पंधरवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी भेट द्यायला लावली. भेट सगळ्यांना नाही, निवडक ‘संपर्क शेतकऱ्यां’ना. त्यांनी पुढे बाकीच्यांना सांगायचं.

मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो. बेनॉरची रचना वाचताना तिची शिस्त मला लगेच आवडली, कारण आमचंही काम पंधरवड्यांत कापलेलं असतं. दोन आठवड्यांत संपेल एवढा तुकडा घ्यायचा, संपवायचा, पुढचा घ्यायचा. या पद्धतीचा तोटाही आम्हाला रोज दिसतो. जे दोन आठवड्यांत संपत नाही, ते यादीत खाली खाली सरकतं.

गव्हाला, संकरित ज्वारीला, कालव्याखालच्या भाताला पंधरवड्याचा संदेश चालतो. पेरणी, खत, फवारणी, कापणी असे टप्पे असतात. सुपारीच्या वाडीला पंधरवड्याने काय सांगणार? आणि फुटलेला खारबांध एका संपर्क शेतकऱ्याला सांगून कसा दुरुस्त होणार?

जिल्ह्याला सोळा

तिसरा हिशेब विद्यापीठाचा. अमेरिकेत १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने शेती विस्ताराचं काम राज्यांच्या कृषी विद्यापीठांकडे सोपवलं आणि तिथे प्रत्येक काउंटीत विद्यापीठाशी जोडलेला सल्लागार बसू लागला. तो नमुना समोर ठेवून आपल्याकडे १९६० मध्ये पंतनगरला पहिलं कृषी विद्यापीठ निघालं. महाराष्ट्रात राहुरी १९६८ मध्ये, अकोला १९६९ मध्ये, आणि १८ मे १९७२ ला एकाच दिवशी परभणी आणि दापोली.

नमुना घेताना आपण एक भाग मागे ठेवला. शिक्षण आणि संशोधन विद्यापीठाकडे आलं. गावोगावची विस्ताराची फौज मात्र राज्याच्या कृषी खात्यातच राहिली. विद्यापीठाकडे आलं ते ‘विस्तार शिक्षण’: मेळावे, प्रशिक्षण, प्रात्यक्षिकं, खात्याच्या लोकांना शिकवणं. त्यामुळे दापोलीच्या विद्यापीठाला कर्जतला भाताचं, पनवेलला खारजमिनीचं आणि श्रीवर्धनला सुपारीचं संशोधन केंद्र सांभाळता आलं. पण तिथे तयार झालेलं वाण घेऊन गावात जाणारा माणूस दुसऱ्या खात्याचा, दुसऱ्या साहेबाच्या हाताखालचा.

ही फट बुजवायला कृषी विज्ञान केंद्रं आली. मोहनसिंह मेहता समितीच्या शिफारशीवरून १९७४ मध्ये पुद्दुचेरीला पहिलं केंद्र उघडलं. दोनच वर्षांनी, १९७६ मध्ये, आपल्या कोसबाडला. रायगडचं केंद्र रोह्याजवळ किल्ला इथे, दापोली विद्यापीठाच्या छत्राखाली. या केंद्रांचा आकृतिबंध दिल्लीहून ठरलेला, १६ पदांचा: एक प्रमुख, सहा विषय विशेषज्ञ, एक प्रक्षेत्र व्यवस्थापक, दोन कार्यक्रम सहायक, आणि उरलेले कार्यालय, गाड्या आणि मदतनीस. म्हणजे शेतकऱ्याशी विषय घेऊन बोलणारे मुख्यतः सहा, आणि रायगडात तालुके पंधरा. पनवेलच्या शहराला लागलेल्या शेतीपासून पोलादपूरच्या डोंगरउतारापर्यंत, अलिबागच्या पांढऱ्या कांद्यापासून श्रीवर्धनच्या सुपारीपर्यंत सगळं त्यांच्याच वाट्याला.

गाव, कुटुंब, जिल्हा. तिन्ही हिशेबांत माणसं मोजली गेली आणि प्रश्न मोजायचा राहून गेला.

बांध कुणाच्या खात्यात?

याची किंमत सगळ्यात ठळक दिसते ती अलिबाग-पेणच्या खारेपाटात. भरतीचं पाणी अडवून खाडीतून काढलेली ही भातशेती. बाहेरचा मोठा बांध, पाणी सोडायला उघाडी, आत खाचरं. २७ ऑक्टोबर १९३३ ला नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने चरीच्या शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध संप पुकारला तो याच जमिनीसाठी. जमीन पडीक राहू दिली, लाकूड तोडून आणि मासळी विकून पोट भरलं, पण १९३९ पर्यंत नमले नाहीत. कूळकायद्याच्या लढ्यात या संपाचं नाव आजही पहिल्या ओळीत घेतलं जातं.

ज्या बांधामुळे ही जमीन जमीन राहिली, तो बांध एकट्याचा कधीच नव्हता. गावं ‘जोळ’ करून, म्हणजे एकत्र अंगमेहनतीने, तो राखत. खांड पडली की रात्री-अपरात्री सगळे धावत. १९४८ मध्ये मुंबई राज्याने खारजमिनींसाठी कायदा केला, १९७९ मध्ये महाराष्ट्राने नवा केला. बांधाची जबाबदारी सरकारकडे सरकत गेली आणि जोळ हळूहळू सुटत गेली. आज बांध बघतं ते पाटबंधाऱ्याच्या बाजूचं खारभूमी कार्यालय. भात बघतं कृषी खातं. खाऱ्या जमिनीत तग धरणारी ‘पनवेल’ वाणं देतं विद्यापीठ. जिताड्याचं तळं काढायचं तर मत्स्य खातं. बांध फुटून वर्षानुवर्षं पाणी आत आलं आणि खाचरात कांदळवन उगवलं, तर मग वन खातं. आणि तिथे कायद्याने झाडाला हात लावता येत नाही. कांदळवन राखणं योग्यच आहे. पण एका न बुजवलेल्या खांडीमुळे कसती जमीन दहा-पंधरा वर्षांत शेतीतून कायमची जाते, आणि यातल्या एकाही खात्याच्या अहवालात ‘आम्ही जमीन घालवली’ असं लिहिलं जात नाही. पडीक जमिनीला मग मुंबईचं गिऱ्हाईक तयारच असतं.

या पाच खात्यांच्या मधोमध उभं राहून बांधावरच्या पंचवीस-पन्नास खातेदारांना एकत्र बसवणारं पद कुठल्याच आकृतिबंधात नाही.

मग पहिलं पद कुठे?

समजा, दापोलीला उद्या विस्ताराची पाच नवी पदं मिळाली. नेहमीच्या रीतीने ती कशी वाटली जातील, हे सांगायला ज्योतिषी नको. जिल्ह्यागणिक एकेक. विषय कृषिविद्या, कीड, मृदा असे. बिंदुनामावली तपासली जाईल, जाहिरात निघेल, आणि दरम्यान कुणाकडे तरी अतिरिक्त कार्यभार राहील.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या शेती विभागात याची एक वेगळी रीत आहे. कुठलं पद आधी भरायचं याचे लेखी प्रस्ताव काउंटींकडून आणि विषयगटांकडून मागवतात, ते सगळ्यांसमोर ठेवतात, लोकांची मतं घेतात आणि मग क्रम लावतात. तिथेही पैसा अपुराच असतो, भांडणंही होतात. पण ‘हे पद का हवं’ हे कुणाला तरी कागदावर लिहावं लागतं.

रायगडच्या किनाऱ्यासाठी असा कागद लिहायचा झाला, तर मी दोनच कसोट्या लावीन. पहिली: प्रश्नाचं आयुष्य किती? सुपारी धरायला पाच-सात वर्षं लागतात. राज्याच्या २००५ च्या बदल्यांच्या कायद्यात अधिकाऱ्याची एका पदावरची सर्वसाधारण मुदत तीन वर्षं आहे. म्हणजे ज्याच्या सल्ल्याने रोप लावलं, त्याला पहिला घड बघायला मिळत नाही आणि चुकलं तर त्याला विचारताही येत नाही. बदल्या हव्यातच, त्यामागे कारणं आहेत. म्हणूनच लांब मुदतीचे प्रश्न विद्यापीठाच्या पदांकडे असावेत. विद्यापीठाचं केंद्र श्रीवर्धनलाच आहे आणि ते कुठे बदलून जात नाही. भाट्याच्या नारळ केंद्राने नारळात दालचिनी, जायफळ, केळी, अननस घालून ‘लाखी बाग’ उभी करून दाखवली आहे. ती वादळात मोडलेल्या पाच गुंठ्यांच्या वाडीच्या मापाची करून देणारा, आणि सात वर्षं त्याच वाड्यांत फिरणारा माणूस, हे माझ्या यादीत पहिलं पद.

दुसरी कसोटी: निर्णय एकट्याचा आहे की गावाचा? बियाण्याचा निर्णय एकट्याचा असतो. त्याची बरीच माहिती आता मोबाइलवर मिळते, दुकानदारही देतो. बांधाचा निर्णय गावाचा असतो आणि तो व्हिडिओ बघून होत नाही. म्हणून दुसरं पद खारेपाटात. त्या माणसाला मातीतल्या क्षारांइतकंच सातबारा, उघाडी आणि गावकीचं राजकारण कळायला हवं. जाहिरातीत अशी पात्रता लिहायला अवघड आहे, हे खरं.

उरलेली तीन पदं कुठे, यावर वाद व्हावा. पांढऱ्या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळालं. कार्ले-खंडाळ्याच्या नावाने बाहेरचा कांदा विकला जातो त्याचं काय, हाही दावा खरा आहे. कर्जतच्या भाताचाही आहे. पण वाद प्रश्नांवर व्हावा, तालुक्यांच्या संख्येवर नको.

२०२० च्या पावसाळ्यानंतर ज्यांनी लगेच सुपारी लावली, त्यांच्या झाडांना आता घड यायला लागायचे दिवस आहेत. ज्यांना वेळेवर कुणी भेटलं नाही, त्यांच्यातल्या काहींच्या वाडीला कुंपण पडलंय आणि आत तळहाताएवढी हिरवळ, बाजूला ‘होम स्टे’ची पाटी. त्यांना दोष देता येणार नाही. त्यांच्या प्रश्नाला उत्तर द्यायला समोर आला तो पहिला माणूस जमिनीचा दलाल होता.