पॉहस्काची टेकडी

टल्सापासून तासाभराच्या अंतरावर पॉहस्का हे जेमतेम ३ हजार वस्तीचं गाव आहे. आपली मंडळी वीकेंडला तिथे जातात ती टीव्हीवर स्वयंपाक करणाऱ्या री ड्रमंडच्या दुकानात. २०१६ मध्ये ते उघडलं आणि ओस पडलेल्या बाजारपेठेत जीव आला, हे मान्यच. रांगेत उभं राहायचं, खायचं, पुढे माळावर बायसन बघायचे, फोटो काढायचे, घरी. मीही दोनदा एवढंच केलं. तिसऱ्यांदा टेकडीवर गेलो.

तिथे ओसेज लोकांचं स्वतःचं म्युझियम आहे, १९३८ पासूनचं. १९०६ च्या यादीत नाव असलेल्या २,२२९ ओसेजांपैकी जमतील तेवढ्यांचे फोटो त्यांनी गोळा केलेत. ही यादी साधी नाही. कॅन्ससमधून हुसकावल्यावर ओसेजांनी इथली जमीन पैसे मोजून विकत घेतली होती. सरकारने ती माणशी वाटायला लावली, तेव्हा जेम्स बिगहार्टसारखे पुढारी अडून बसले: वरची जमीन वाटा, खालचं तेल सगळ्या जमातीचं. यादीतल्या प्रत्येकाला त्यात एक वाटा, म्हणजे 'हेडराइट'. तो विकता येत नव्हता, फक्त वारसाने मिळायचा.

याच टेकडीवर एका एल्मच्या झाडाखाली तेलाचे लिलाव व्हायचे. १९२२ मध्ये १६० एकरांच्या एका तुकड्याला १० लाख डॉलरच्या वर बोली लागली!

आता पुढचं ऐका. १९२१ चा कायदा असा की निम्मं किंवा जास्त ओसेज रक्त असेल, तर तुम्ही 'सक्षम' असल्याचं आधी सिद्ध करा. तोवर कोर्ट तुमच्यावर 'पालक' नेमणार आणि तुमच्याच पैशातले तिमाहीला १,००० डॉलर तुमच्या हातात पडणार. पालक कोण? बहुतेक गावातलेच गोरे वकील, व्यापारी. (आपल्याकडे जिल्ह्याला पालकमंत्री असतो, इथे माणशी एक!) वाटा वारसाने मिळतो म्हटल्यावर ओसेज मुलींशी लग्नं झाली, मग खून, विषप्रयोग. सिनेमात दिसतं ते एका कुटुंबाचं. १९२५ मध्ये कायदा बदलला, निम्मं किंवा जास्त ओसेज रक्त असलेल्या माणसाचा वाटा बाहेरच्यांकडे वारसाने जाणं बंद झालं. पण आधी गेलेले? काही हेडराइट आजही ओसेज नसलेल्या लोकांकडे, संस्थांकडे आहेत. ते परत मिळावेत म्हणून जमात अजून झगडतेय.

आम्ही गेलो तेव्हा म्युझियममध्ये आम्ही चौघंच होतो. खाली दुकानाबाहेर रांग फुटपाथवर आलेली.

जाणार असाल तर आधी टेकडीवर जा. तिकीट नाही. कॉफी नंतरही मिळते.